नातीगोती सांभाळून वृक्षारोपणाची संस्था



झाडे लावणारी एखादी संस्था काढावी, असे पुष्कळांच्या मनात येते. घोडे अडते ते पैशापाशी नव्हे, सुट्टीपाशी. नोकरदाराच्या हाती रविवार आणि चार सण. तेच दिवस गावी आई-वडिलांना भेटण्याचे, बहिणीकडे जाण्याचे, लग्नकार्याचे. बँकेत सप्टेंबर २०१५ पासून दुसरा व चौथा शनिवार सुट्टीचा झाला, म्हणून आम्हां कारकुनांना थोडी सवड मिळाली. पण सर्वांच्याच नोकऱ्या तशा नसतात.

प्रथम कागदपत्रे. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० नुसार किमान सात सभासद लागतात. महाराष्ट्रात अशा संस्थेची १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातही नोंद करावी लागते. सातही जण एकाच घरातले घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. घरात लग्न निघाले की सगळी कार्यकारिणीच मांडवात! शिवाय पावत्यांचा हिशेब मागून मेहुण्याला दुखवायचे कोणी?

आता झाडांचे वेळापत्रक पाहू. खड्डे एप्रिल-मेमध्ये खणून उन्हात तापू द्यावेत. चांगला पाऊस होऊन जमीन मुरली की रोपे लावावीत. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो व तीन महिने भिक्खू एके ठिकाणी मुक्काम करतात. लागवडीचे, निंदणीचे, कुंपणाचे दिवसही तेच. या काळात आपण शहरातच राहिलो तरी नातलग फारसे रागावत नाहीत, कारण लग्ने बहुधा उन्हाळ्यात उरकलेली असतात.

खरी ओढाताण वैशाखात होते. मुलांना सुट्ट्या, गावी लग्ने, बुद्ध पौर्णिमा, आणि नेमके त्याच वेळी गेल्या पावसाळ्यातले रोप पाण्यावाचून माना टाकते. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी दिले नाही, तर जुलैतला समारंभ आणि छायाचित्रे फुकट जातात. यावर मडक्याचा जुना उपाय चांगला आहे. रोपाशेजारी साधे, बिनझिलईचे मडके गळ्यापर्यंत पुरावे, पाणी भरून वर झाकण ठेवावे. पाणी झिरपत मुळांना मिळते. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन घातले की ओल आणखी टिकते. जमीन व मडक्याचा आकार पाहून काही दिवस गावी निर्धास्त राहता येते. तरीही प्रत्येक रोपामागे दोन माणसे नेमावीत. एक गावी गेला तर दुसरा इथे हवा.

गावची भेट संस्थेच्या उपयोगीही पडते. उन्हाळा संपता संपता निंबोळ्या पिकून पडतात, पावसाच्या तोंडाला जांभळे येतात. ही बियाणे फार दिवस टिकत नाहीत; आणल्याबरोबर पिशव्यांत पेरावी लागतात. मात्र वर्षातून दोनदा आईजवळ बसायला गेलेल्या मुलाने सारा दिवस झाडाखाली वाकून घालवू नये. ते काम नातवंडांवर सोपवावे. आजीला कोणते झाड कुठे आहे हे ठाऊक असते, मुलांना तेवढीच तिच्याशी बोलायला जागा मिळते.

पहिल्या वर्षी पाचशे झाडांचा संकल्प सोडण्याचा मोह होतो. त्याऐवजी मे महिन्यात शहरात कोण कोण राहणार, याचा तक्ता जानेवारीच्या सभेतच करावा. पत्रिका आलेल्या असोत वा नसोत, घरातल्या मंडळींना विचारूनच त्यात आपले नाव घालावे. तक्त्यात जितके हात दिसतील, तितकेच खड्डे खणावेत. ते पंचवीस भरले तर पंचवीस.