जुनी मोटार घेतांना

सुगीचा पैसा हातीं आला म्हणजे मध्यम आकाराची जुनी मोटार घेण्याचा विचार अनेक शेतकरीबंधु करितात. नव्या मोटारीची किंमत पहिल्या कांहीं वर्षांतच झपाट्यानें उतरते. म्हणून चारपांच वर्षें वापरलेली होंडा सिटी किंवा व्हर्ना घेणें आम्हांस शहाणपणाचें वाटतें.

परंतु रंगाच्या चकाकीवर व किलोमीटरच्या आंकड्यावर भिस्त ठेवूं नये. आंकडा मागें फिरवितां येतो. पेडलांवरील रबराची झीज व सर्व्हिसच्या नोंदी यांशीं तो ताडून पाहावा. इंजिन थंड असतांनाच सुरू करावयास सांगावें. विक्रेत्यानें तें आधींच तापवून ठेविलें असल्यास दुसरे दिवशीं पुन्हां जावें. निळा धूर हें तेल जळत असल्याचें चिन्ह होय. आसनांखालचा गालिचा उचलावा. पुरांत बुडालेल्या मोटारीचा गाळ व गंज तेथें सांपडतो. आंत अत्तराचा घमघमाट असला कीं आम्हांस संशय येतो.

याहून मोठा धोका कागदांत असतो. आर.सी.वर बँकेचें नांव असेल, तर कर्ज फिटल्याचें ना-हरकत पत्र व फॉर्म ३५ हातीं पडल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊं नये. नाहीं तर पैसे आपले जातात आणि मोटारीवर हक्क बँकेचा राहतो. फॉर्म २९ व ३० भरून नांव बदलून घ्यावें. याची घाई विक्रेत्यानेंहि करावी, कारण आर.सी.वर ज्याचें नांव, अपघाताच्या भरपाईस तोच जबाबदार, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं स्पष्ट केलें आहे. विमा कंपनीसहि १४ दिवसांचे आंत कळवावें.