नादाची काटकसर

जात्यावरच्या जुन्या ओव्या आजीला अजून पाठ आहेत. त्या परगावी राहणाऱ्या आत्याला ऐकवाव्यात, असे एखाद्या मुलीच्या मनात आले, तर आज ते मुळीच अवघड नाही. संगणकाला ध्वनिग्राहक जोडावा, आजीने गावे, संगणकाने टिपून घ्यावे आणि ती फाइल ई-मेलने धाडून द्यावी. परंतु पुष्कळदा पत्र जातच नाही. 'जोडलेली फाइल फार मोठी आहे,' असे सांगून संगणक ते परत करतो. अवघ्या पाच मिनिटांच्या ओव्या! त्या एवढ्या जड कशा झाल्या?

संगणकाला नाद कळत नाही; त्याला केवळ अंक कळतात. म्हणून आवाजाची लहर तो क्षणोक्षणी मोजतो आणि प्रत्येक मोजमाप अंकांनी लिहून ठेवतो. माणसाच्या कानाला सेकंदास सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा स्वर ऐकू येतो. एवढ्या जलद कंपनांचा माग ठेवायचा, तर त्यांच्या दुपटीहून अधिक मोजमापे हवीत. म्हणूनच संगीताच्या सीडीसाठी सेकंदास ४४,१०० मोजमापे ठरविण्यात आली. प्रत्येक मोजमापास १६ बिट, आणि डाव्या व उजव्या कानासाठी दोन वेगळ्या ओळी. गुणाकार करून पाहा : एका सेकंदास १४,११,२०० बिट होतात. आठ बिटांचा एक बाइट; तेव्हा आजीच्या ओव्या याच मापाने टिपल्या, तर पाच मिनिटांना ५ कोटी २९ लाख २० हजार बाइट लागतात. जीमेलसारखी सेवा एका पत्रासोबत २५ मेगाबाइट, म्हणजे सुमारे अडीच कोटी बाइटच नेते. त्यातही ई-मेलची वाट मूळची अक्षरांसाठी बांधलेली. तिच्यावरून नाद न्यायचा तर दर तीन बाइटांची चार अक्षरे करावी लागतात. पाच कोटींचे ओझे अशा रीतीने सात कोटींवर जाते.

ई-मेल घरोघर पोहोचण्यापूर्वीच अशी अडचण जर्मनीतील एर्लांगेन येथील प्राध्यापक दीटर झाइट्सर यांच्यापुढे उभी राहिली होती. टेलिफोनच्या तारेवरून उत्तम संगीत पाठवावे, ही त्यांची कल्पना. हे अशक्य आहे, असे पेटंट तपासणाऱ्या अधिकाऱ्याचे मत पडले. तेव्हा झाइट्सर यांनी हे काम कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग या विद्यार्थ्याकडे सोपविले.

ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधार घेतला तो माणसाच्या कानाच्या स्वभावाचा. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशे कडाडत असताना मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक तुम्हांला ऐकू येते काय? टिकटिक थांबलेली नसते. मोठ्या नादाने ती झाकलेली असते. मोठा स्वर आपल्या आसपासच्या स्वरांना अधिक झाकतो. तो थांबल्यावरही सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागापर्यंत बारीक आवाज कानाला जाणवत नाही. म्यूनिक येथील एबरहार्ड त्स्विकर यांनी कानाच्या या वर्तनाचा बारकाईने अभ्यास केला होता. मग जे कानाला पोहोचणारच नाही, ते काटेकोर अंकांनी लिहून जागा का अडवावी?

तेव्हा ही युक्ती कापूस दाबून गठ्ठा बांधण्यासारखी नाही; सुपाने धान्य पाखडण्यासारखी आहे. संगणक आवाजाचे अगदी लहान तुकडे करतो. प्रत्येक तुकड्यातील उंच-नीच स्वर वेगळे काढतो. जो स्वर उघडा आहे, त्याचे मोजमाप काळजीपूर्वक ठेवतो. जो झाकला गेला आहे, त्याचे ओबडधोबड अंकांत लिहितो किंवा साफ सोडून देतो. अंक ओबडधोबड झाले की आवाजात थोडी खरखर शिरते, पण तीही मोठ्या स्वरांच्या आड दडते. उरलेल्या अंकांची आणखी एक काटकसर होते. जे अंक वारंवार येतात त्यांना आखूड खुणा, जे क्वचित येतात त्यांना लांब. ही पद्धत डेव्हिड हफमन यांनी १९५२ साली प्रसिद्ध केली. वर्गातील शेवटच्या परीक्षेऐवजी दिलेल्या निबंधासाठी त्यांनी ती शोधली होती!

सारे जवळजवळ सिद्ध झाले असे ब्रांडेनबुर्ग यांना वाटले, तोच त्यांच्या हाती सुझान व्हेगा या अमेरिकन गायिकेचे 'टॉम्स डायनर' हे गीत आले. वृंदवादनाने जो दोष दाखविला नव्हता, तो या साध्या गीताने दाखविला. आवाज भयंकर बिघडला. कारण या गीताला एकाही वाद्याची साथ नाही. एकटा कंठ, त्यामागे खरखर लपवायला आडोसाच नाही. ब्रांडेनबुर्ग यांनी ते गीत शेकडो वेळा ऐकले आणि त्या एका कंठासाठी आपल्या पद्धतीत पुनःपुन्हा सुधारणा केल्या. ही पद्धत १९९२ साली आंतरराष्ट्रीय प्रमाणात समाविष्ट झाली, आणि १९९५ च्या जुलैत तिच्या फाइलींना 'एमपी३' हे नाव मिळाले. सेकंदास १४ लाखांच्या जागी १,२८,००० बिटांत संगीत मावू लागले. म्हणजे मूळच्या अकराव्या भागात.

आता आजीच्या ओव्यांकडे वळू. त्याही एकट्या कंठाच्याच. येथे फार कंजूषपणा केला, तर आजीचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटेल. परंतु एकाच ध्वनिग्राहकाने टिपलेला आवाज डाव्या-उजव्या ओळींत दोनदा लिहिण्याचे कारण नाही. एकच ओळ ठेवावी आणि सेकंदास ६४,००० बिट द्यावे. पाच मिनिटांचे २४ लाख बाइट होतील. अक्षरांत रूपांतर झाल्यावर ३२ लाख. पत्र सहज जाईल.

एक गोष्ट मात्र विसरू नये. पाखडून उडविलेले पुन्हा सुपात येत नाही. लहान केलेल्या फाइलीतून मूळची फाइल कधीही परत मिळत नाही, आणि लहान केलेलीच पुनःपुन्हा लहान करत गेले तर दर खेपेस आवाज झिजतो. काहीही न टाकता आकार घटविणारी 'फ्लॅक' नावाची पद्धत आहे. पण तिने ओझे साधारणपणे निम्म्याच्या आसपासच उतरते. म्हणून त्या मुलीने आत्याला एमपी३ पाठवावी आणि पाच कोटी बाइटांची ती मूळ फाइल घरी जपून ठेवावी. ओवीच्या शेवटी आजी किंचित थांबते आणि श्वास घेते. तो बारीक श्वास त्या फाइलीत पुरता आहे.