फुंकर



टॉफ बारा वर्षांची आहे. जन्मापासून तिला दिसत नाही. घर गडगंज, दारावर पहारा, जेवायला लांबलचक टेबल. तिच्यापुढे सूप येतं आणि तिचे वडील वाढणाऱ्याला सांगतात, गरम आहे, तिला फुंकर घालून दे. दोन-चार सेकंदांचा प्रसंग. पण तो पाहताना माझ्या हातातली वाटी हातातच राहिली, कारण तिच्यातल्या वरणभातावर मी तेव्हा फुंकर घालत होते. शेजारी बसलेला माझा मुलगा दहा वर्षांचा आहे.

‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ ही कार्टून मालिका तुमच्यापैकी काहींच्या घरी येऊन गेली असेल. मायकेल डान्टे डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएट्झको यांनी ती निर्माण केली. पाणी, पृथ्वी, अग्नी, वायू अशा चार तत्त्वांची चार राष्ट्रं, आणि त्या त्या तत्त्वाला वळवण्याची विद्या काहींच्या अंगी. या विद्येला मुलं ‘बेंडिंग’ म्हणतात. प्रत्येक बेंडिंगच्या हालचाली खऱ्याखुऱ्या चिनी युद्धकलेवरून घेतल्या आहेत. पाण्याला ताय ची, पृथ्वीला हुंग गार, अग्नीला उत्तरेकडची शाओलिन, वायूला बाग्वा. सिफू किसू नावाचे जाणकार शिक्षक त्यासाठी सोबत होते. म्हणून यातली मारामारी म्हणजे नुसती धुमश्चक्री नाही. पाय कसा रोवला, वजन कुठे टाकलं, हे बघत राहावंसं वाटतं.

मला बोलायचंय ते दुसऱ्या पर्वाबद्दल. त्याचं नावच ‘पृथ्वी’. २००६ सालचं, वीस भागांचं. आंग नावाच्या मुलाला जग वाचवायचंय, त्यासाठी पृथ्वीची विद्या शिकवणारा गुरू हवाय, आणि ती गुरू निघते टॉफ. आईवडिलांनी ती आहे हे जगाला कळूसुद्धा दिलेलं नाही. शिकवायला मास्तर ठेवलेत, पण पहिल्या धड्यापुढे जाऊ द्यायचं नाही या अटीवर. आणि तीच मुलगी रात्री घरातून निसटून आखाड्यात उतरते आणि भल्याभल्या पहिलवानांना लोळवते. लहान असताना पळून जाऊन ती एका गुहेत लपली होती. तिथल्या आंधळ्या, जमीन उकरणाऱ्या अजस्र प्राण्यांनी तिला अनवाणी पावलांनी ‘बघायला’ शिकवलं. जमिनीतून येणारी थरथर म्हणजे तिचे डोळे. मुलीची ही ताकद एका रात्री वडील स्वतः पाहतात. आणि म्हणतात काय, तर तुला फारच मोकळीक दिली, आता चोवीस तास पहारा.

इथे माझा मुलगा म्हणाला, “आई, तिचे बाबा वाईट आहेत का गं?”

मला पटकन उत्तर देता आलं नाही. ते वाईट नाहीत. त्यांचा एकही शब्द मला अनोळखी नव्हता. माझ्या मुलाला बाळदमा आहे. तीन वर्षांचा असताना एका रात्री त्याचे ओठ निळे पडले. त्याला कवेत घेऊन, चप्पलही न घालता मी जिने उतरले होते. दुधानं पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, ते मी पुढची सात वर्षं केलं. थंडीत मैदान नको, पावसात सायकल नको, सहलीला नको, धूळ नको. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आता आटोक्यात आहे, पळू दे, खेळू दे, पंप जवळ असला म्हणजे झालं. मी मान हलवून घरी आले आणि काहीच बदललं नाही. दिसत नाही एवढ्यावरून टॉफ जशी घरात ‘नाजूक’ ठरली होती, तसाच माझा मुलगा मी ‘नाजूक’ करून ठेवला होता.

पण मग मुलांना मोकळं सोडा, एवढंच ही मालिका सांगते का? नाही, आणि म्हणूनच ती मला मोलाची वाटते. टॉफ घर सोडून आंग आणि त्याच्या सोबत्यांबरोबर जाते, पण दोनच भागांनंतर या नव्या मित्रांशीही भांडून निघते. मदत म्हटली की तिच्या अंगावर काटा येतो. वाटेत तिला एक म्हातारबाबा भेटतात, आयरो. ते चहा करतात आणि तिच्या पेल्यात ओततात. ती उसळते. मला माझा चहा ओतून घेता येतो, सगळ्यांना मी दुबळीच वाटते. आयरो शांतपणे सांगतात की मी ओतला तो मला ओतावासा वाटला म्हणून, दुसरं कारण नाही. आपल्यावर माया करणाऱ्यांची मदत घेण्यात कमीपणा नाही, हेही ते सांगतात. हा तुकडा मी तीनदा पाहिला. सुपावरची फुंकर आणि पेल्यातला चहा, दोन्ही मायेपोटीच. पण फुंकर घालायला सांगणाऱ्या बापानं मुलीला काही विचारलंच नव्हतं, आणि आयरोंना त्या पोरीच्या बळाबद्दल जराही शंका नव्हती.

हे आयरो स्वतः पोळलेले आहेत. बा सिंग से या तटबंदीच्या शहराला सेनापती म्हणून त्यांनी ६०० दिवस वेढा घातला, आणि तिथेच त्यांचा एकुलता मुलगा गेला. याच पर्वात ते निर्वासित होऊन त्या शहरात येतात. मुलाच्या वाढदिवशी टेकडीवरच्या झाडाखाली त्याचं चित्र ठेवतात आणि रडत रडत गातात. त्यांना आवाज देणारे अभिनेते माको जुलै २००६ मध्ये वारले. तो तुकडा त्यांच्याच स्मृतीला वाहिलेला आहे. मुलं विचारतील, आजोबा का रडतायत? तेव्हा रिमोटकडे हात नेऊ नका. सांगा.

असं मूल गमावलेला माणूस आपल्या पुतण्याला, झुकोला, खरं तर मुठीत धरून ठेवेल. आयरो तसं करत नाहीत. पुतण्या एकटा जायचं म्हणतो तेव्हा जाऊ देतात आणि मागून माग काढत राहतात. पर्वाच्या शेवटी झुको चुकतो, फार वाईट चुकतो. त्याच्या बापानं प्रेमाला कायम अट घातलेली असते. त्या प्रेमाच्या आशेनं तो काकांवरच उलटतो. आयरो पकडले जातात आणि त्याच्याकडे बघायचंही नाकारतात. शहर पडतं, आंग मरता मरता वाचतो. मुलांच्या मालिकेचं पर्व सरळ पराभवात संपतं. माझा मुलगा खूप वेळ गप्प होता.

म्हणून एक विनंती. साधारण आठ वर्षांच्या पुढच्या मुलांना दाखवा, आणि सोबत बसून दाखवा. भाग तेवीस-चोवीस मिनिटांचा असतो, रोज एक पुरे. आंगचा उडणारा, केसाळ सोबती आप्पा चोरीला जातो. त्याच्या एकट्याच्या हालांवर एक अख्खा भाग आहे, तो हळव्या मुलांना जड जातो. आमच्याकडे त्या रात्री दिवा चालू ठेवून झोपावं लागलं.

शेवटाआधीच्या भागात पथिक नावाचे गुरू आंगला सात चक्रं उघडायला शिकवतात. शब्द आपलेच, त्यामुळे मुलाला समजावताना मलाच बरं वाटलं. पहिलं चक्र पृथ्वीचं. ते अडतं भीतीनं, असं पथिक म्हणतात. आणि त्याच भागात टॉफ लोखंडी पेटीत कोंडलेली असते. तिला परत आणायला तिच्या वडिलांनी माणसं नेमलेली, आणि त्यांनी आईच्या नावाचं खोटं पत्र पाठवून तिला फसवलेलं. लोखंड कुणालाही वाकवता येत नाही असं सगळे मानतात. ती तळवे टेकवते, लोखंडात उरलेले मातीचे बारीक कण चाचपते आणि पत्रा फाडून बाहेर येते. तिच्या आईवडिलांना हे कळलंच नाही, याचंच मला राहून राहून वाईट वाटत राहिलं.

मागच्या महिन्यात मुलाचे मित्र सिंहगड चढायला निघाले. यानं विचारलंसुद्धा नाही, नकार ठरलेला असल्यासारखा दारात उभा होता. मी म्हटलं, जायचंय? पंप कधी घ्यायचा ते त्यानंच मला सांगितलं. चढायच्या आधी दोनदा, मग लागला तर. आतकरवाडीत पायथ्याशी मी थांबले. वर जाणाऱ्या वाटेकडे सारखं बघत होते, हे खरं. तीन तासांनी तो उतरला. गुडघ्यापर्यंत लाल माती, आवाज थोडा बसलेला, श्वास नीट. हातात गडावरचं दह्याचं मडकं होतं. माझ्यासाठी आणलेलं, निम्मं वाटेतच सांडलेलं.