डबेवाल्याचे घर

ठाणे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर मीरा-भाईंदर हे शहर वसलेले आहे. एका बाजूस उत्तनचा समुद्रकिनारा व कोळ्यांच्या होड्या, दुसऱ्या बाजूस मिठागरे आणि मधून धावणारी आगगाडी, असे या भूमीचे जुने रूप होते. पुढे मुंबईतील जागा महाग होत गेली, तशी माणसे उत्तरेकडे सरकू लागली. 1985 साली येथे नगरपरिषद आली, 2002 साली महानगरपालिका झाली आणि 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 8 लाखांवर गेल्याचे दिसून आले.

माणसे येथे राहावयास आली, तरी पुष्कळांची कामाची ठिकाणे मुंबईतच राहिली. भाईंदर ते चर्चगेट हे अंतर 40 किलोमीटरांहून अधिक आहे. वेळेवर कचेरी गाठावयाची, तर सकाळी लवकर घर सोडावे लागते. इतक्या लवकर स्वयंपाक आटोपणे कठीण आणि गर्दीने खच्चून भरलेल्या लोकलमधून डबा सांभाळून नेणे त्याहून कठीण. मुंबईकरांची ही अडचण ज्यांनी शंभराहून अधिक वर्षे दूर केली, ते म्हणजे मुंबईचे डबेवाले.

या व्यवसायाचा आरंभ 1890 च्या सुमारास महादू हवाजी बच्चे यांनी केला. त्यांच्यामागून पुणे जिल्ह्याच्या मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतील शेतकरी कुटुंबांतील तरुण मुंबईस आले. सह्याद्रीच्या कुशीतील त्यांची शेती पावसावर अवलंबून होती. वर्षभराचा प्रपंच तिच्यावर चालत नसे. म्हणून अंगमेहनतीचे, परंतु कोणाची चाकरी नसलेले हे काम त्यांनी पत्करले. 1956 साली त्यांची विश्वस्त संस्थाही स्थापन झाली.

डबेवाल्याचा दिवस घड्याळाच्या काट्यावर चालतो. सकाळी नऊच्या सुमारास तो आपल्या वाट्याच्या घरांतून डबे गोळा करतो व सायकलवरून जवळच्या स्टेशनावर आणतो. तेथे ते उतरावयाच्या स्टेशनांप्रमाणे वेगळे केले जातात. मग लांबट लाकडी पाटीत तीस-चाळीस डबे रचून ती पाटी डोक्यावरून गाडीच्या सामानाच्या डब्यात चढवितात. वाटेत दादर, अंधेरी यांसारख्या स्टेशनांवर पुन्हा वाटणी होते. दुपारी एकच्या आत डबा जेवणाऱ्याच्या हाती पडतो आणि जेवण उरकल्यावर रिकामा डबा त्याच मार्गाने उलट प्रवास करून संध्याकाळपर्यंत घरी पोहोचतो.

या प्रवासात एक डबा तीन-चार माणसांच्या हातांतून जातो. तरीही तो चुकत नाही, याचे कारण त्याच्या झाकणावरील खूण. डबा कोणत्या भागातून आला, कोणत्या स्टेशनावर उतरावयाचा, कोणत्या इमारतीत व कितव्या मजल्यावर द्यावयाचा, हे सारे काही अक्षरे, आकडे व रंग यांनी सांगितलेले असते. ती वाचावयास फारशा शिक्षणाची आवश्यकता नसते.

या खुणेचे कौतुक देशोदेशी झाले. परंतु तिचा एक उपयोग सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. डबा कोठे जावयाचा, हे एकाच माणसाच्या डोक्यात असते, तर त्या माणसाला एक दिवसही घरी राहता आले नसते. तो आजारी पडला की शेकडो मैलांवर नव्हे, पण शेकडो मजल्यांवर माणसे उपाशी राहिली असती. खूण डब्यावर असल्यामुळे एकाचे काम दुसऱ्याला उचलता येते. डबेवाल्यांचे लहान लहान गट असतात व प्रत्येक गटावर एक अनुभवी मुकादम असतो. गटात नेमक्या गरजेपेक्षा काही माणसे अधिक ठेवलेली असतात. कोणाच्या घरी मूल तापाने फणफणले, कोणाच्या बहिणीचे लग्न निघाले, तर ही बदलीची माणसे त्याचे डबे पोहोचवितात. गटाची मिळकत खर्च वजा जाता साधारणपणे सारखी वाटून घेण्याची रीत आहे. म्हणजे ही अधिक माणसे ठेवण्यासाठी प्रत्येकजण आपल्या वाट्यातून थोडे सोडतो. आज दुसऱ्याच्या घरासाठी सोडलेले हे थोडे उद्या आपल्या घराच्या उपयोगी पडेल, हे त्यामागचे शहाणपण होय.

सुट्टीविषयीही असाच विचार केलेला आढळतो. रविवारी कचेऱ्या बंद, म्हणून डबेही बंद. याशिवाय चैत्राच्या सुमारास गावोगावी ग्रामदैवतांच्या यात्रा भरतात, त्या वेळी डबेवाले काही दिवस एकाच वेळी सुट्टी घेऊन गावी जातात. त्याची सूचना ग्राहकांना आधीच दिलेली असते. त्या दिवसांत मुंबईतील मोठ्या मोठ्या अधिकाऱ्यांनाही आपल्या जेवणाची सोय आपणच पाहावी लागते आणि त्याबद्दल कोणी फारशी तक्रारही करीत नाही. आईवडिलांची भेट, शेताची विचारपूस, लेकरांना आजोळ दाखविणे, हे सारे त्या चार-सहा दिवसांत उरकावयाचे असते. वेळ उरला तर घरी जाऊ, असे म्हणणाऱ्यास वेळ कधीच उरत नाही. घराचा वेळ आधी राखून ठेवावा लागतो, हे या साध्या माणसांनी ओळखले.

याचा अर्थ त्यांच्या घरात सर्वकाळ सुख नांदले, असा मात्र नव्हे. कित्येक वर्षे पुष्कळ डबेवाले मुंबईत दाटीवाटीने एका खोलीत राहत आणि त्यांची बायकामुले गावी शेती सांभाळीत. मुलाचे पहिले पाऊल बापाने पाहावे, असा योग क्वचितच येई. पुढे ज्यांनी कुटुंब शहरात आणले, त्यांना दूरच्या उपनगरांतच घरे परवडली. त्यामुळे दिवसाच्या कष्टांत लांबच्या प्रवासाची भर पडली. घरातील स्त्रीला पहाटे उठून साऱ्यांची तयारी करावी लागते. शेकडो घरांचे डबे पोहोचविणाऱ्याचा स्वतःचा डबाही कोणीतरी भरावाच लागतो. तथापि दिवेलागणीस माणूस घरी परततो आणि रात्रीचे ताट सर्वांबरोबर वाढले जाते, एवढा आधार या कामाने त्या घरांना दिला.

मार्च 2020 मध्ये महामारीमुळे लोकल थांबल्या, कचेऱ्या ओस पडल्या आणि डबेही थांबले. अनेक डबेवाले गावी परतले व कित्येकांनी दुसरी कामे धरली. पुढे लोकल सुरू झाल्या, तरी पुष्कळ लोक घरूनच काम करू लागल्यामुळे पूर्वीइतके डबे राहिले नाहीत.

त्याच सुमारास घरपोच सेवेचा दुसरा एक प्रकार झपाट्याने वाढला. मीरा रोड किंवा भाईंदरच्या रस्त्यांवर संध्याकाळी उभे राहिले, तर पाठीवर चौकोनी पिशवी अडकवून दुचाकीवरून धावणारे तरुण पावलोपावली दिसतात. मोबाइलवर आलेल्या मागणीप्रमाणे ते उपाहारगृहातील जेवण, किराणा व औषधे लोकांच्या दारी नेऊन देतात. त्यांचे कष्ट डबेवाल्यांपेक्षा कमी नाहीत. पावसाळ्यात तर ते अधिकच आहेत. परंतु दोहोंत एक मोठा भेद आहे. या तरुणाला मुकादम नाही, गट नाही आणि बदलीचा माणूसही नाही. जितक्या फेऱ्या, तितकी मिळकत. मुलाच्या उशाशी बसावे, तर त्या दिवसाची कमाई बुडते. शिवाय लोकांच्या जेवणाची वेळ हीच त्याच्या कामाची ऐन वेळ असते. रात्री नऊ वाजता तो दुसऱ्यांच्या दारात गरम जेवण घेऊन उभा असतो, तेव्हा त्याच्या घरी त्याचे ताट झाकून ठेवलेले असते आणि मुले वाट पाहून झोपी गेलेली असतात.

अशा कामगारांची दखल कायद्याने अलीकडेच घेतली. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्यांची व्याख्या प्रथमच करण्यात आली आणि ती संहिता नोव्हेंबर 2025 मध्ये अमलात आली. राजस्थानने 2023 साली त्यांच्या कल्याणासाठी स्वतंत्र कायदा केला. अपघात, आजारपण, म्हातारपण यांसाठी अशा कायद्यांचा आधार हवाच. परंतु संध्याकाळी बापाने मुलाजवळ बसावे, अशी सोय केवळ कायदा करू शकत नाही. ती सोय डबेवाल्यांनी आपसांतील शिस्तीने व वाटून घेण्याच्या वृत्तीने केली. नव्या कामातील माणसांनाही आज ना उद्या असाच काही मार्ग शोधावा लागेल. तोवर घरातील मंडळींनी मिळून आठवड्यातील एखादी वेळ ठरवावी, ती सहजासहजी मोडू नये आणि रात्री उशिरा येणाऱ्याला शक्य तर सकाळच्या न्याहारीला सर्वांची सोबत द्यावी. रात्रीचे जेवण एकत्र होत नसेल, तर सकाळची भाकरी एकत्र खाता येते.

या कामात ग्राहकाचाही वाटा आहे. सकाळी डबा भरून ठेवण्यास उशीर झाला, तर डबेवाल्याला दारात ताटकळावे लागते. त्याची गाडी चुकते आणि पुढच्या तीन-चार माणसांचा खोळंबा होतो. त्याचप्रमाणे भर पावसात आलेल्या तरुणाला पाच मिनिटांच्या विलंबासाठी बोल लावणे सोपे असते. त्या पाच मिनिटांसाठी त्याने रस्त्यावर जीव धोक्यात घालावा काय, याचा विचार मात्र क्वचितच होतो. दार उघडल्यावर समोर उभा असलेला माणूस हाही कोणाचा तरी बाप, मुलगा किंवा भाऊ असतो आणि येथले काम संपल्यावर त्यालाही घरी जावयाचे असते.

स्वाध्याय

1. डब्यावरील खुणेमुळे डबेवाल्याला घरच्या अडचणीच्या वेळी रजा घेणे कसे शक्य होते?
2. गटात अधिक माणसे ठेवण्यामागचे शहाणपण तुमच्या शब्दांत सांगा.
3. डबेवाला आणि दुचाकीवरून घरपोच सेवा देणारा तरुण यांच्या कामांतील साम्य व भेद लिहा.
4. तुमच्या घरी वस्तू पोहोचविणाऱ्या एखाद्या व्यक्तीचा दिवस कसा जातो, ते त्यांना सवड असेल तेव्हा विचारा व दहा ओळी लिहा.