टर्बो गेला, की नळी फाटली?
जुन्या डिझेल गाडीच्या इंजिनाची तपासणी

आपल्या व्यापारी बांधवांपैकी पुष्कळांकडे टर्बो इंजिनाची जुनी डिझेल गाडी असते. 2002 साली आलेली स्कॉर्पिओ असो की 2007 साली आलेली डिझेल स्विफ्ट, अशा गाड्या सेकंडहँड बाजारात मिळतात आणि मालाचे नमुने, तागे, वसुलीच्या फेऱ्या त्यांच्यावर चालतात. भिवंडीहून मालेगावला परतताना अशी गाडी कसारा घाटात ओढेनाशी झाली, मागून काळा धूर सोडू लागली, की गॅरेजमध्ये पहिला निकाल ऐकू येतो, "टर्बो गेला, शेठ." नवा टर्बो म्हणजे हजारोंचा खर्च. होकार देण्यापूर्वी थोडी तपासणी अवश्य करावी.

यंत्रमागावर धागा सारखा तुटू लागला तर आपण माग भंगारात काढत नाही. आधी सूत पाहतो, मग कांडी, मग धोटा. इथेही तोच क्रम.

टर्बोचे काम सोपे आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूने एक चक्र फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. म्हणून टर्बो बहुधा स्वतःहून मरत नाही. काळे, जुने किंवा कमी पडलेले ऑइल त्याला मारते.

आता धूर. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. एअर फिल्टर तुंबलेला असेल, ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने अडकला असेल, किंवा टर्बोपासून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी फाटली असेल. ही नळी फार फसवते. उभ्या गाडीत भेग मिटलेली असते, चढावर दाब वाढला की उघडते आणि फुसफुस आवाज येतो. इंजिन थंड असताना नळी हाताने वाकवून खालची बाजू पाहावी. टर्बोच्या अॅक्च्युएटरला जाणारी बारीक व्हॅक्यूम नळीही निसटलेली असू शकते. या नळ्यांचा खर्च टर्बोच्या मानाने किरकोळ. धूर नाही आणि तरीही ओढ कमी असेल तर डिझेल फिल्टर आधी बदलावा.

निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. इथे घाई नको. चालू इंजिनाचे ऑइल भरण्याचे झाकण सैल करून पाहावे. आतून धुराचे भपके जोरात येत असतील तर दोष पिस्टनच्या रिंगांचा असण्याची शक्यता अधिक, आणि नवा टर्बो बसवूनही धूर तसाच राहील. ऑइल परत नेणारी नळी चोंदली तरी चांगला टर्बो ऑइल फेकतो. हवेच्या नळीत ऑइलचा हलका ओलावा असणे मात्र नेहमीचेच.

पांढरा धूर थंड सकाळी थोडा वेळ दिसला तर ग्लो प्लग पाहावेत. इंजिन गरम झाल्यावरही राहिला आणि रेडिएटरचे पाणी घटत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा.

खुद्द टर्बोची परीक्षा अशी: इंजिन बंद व थंड असताना हवेची नळी काढून दांडा बोटाने हलवावा. बाजूला किंचित हलणे चालते. आत-बाहेर सरकत असेल किंवा पाती घराला घासल्याच्या खुणा असतील तर मिस्त्रीचे म्हणणे खरे. मग चालढकल करू नये. सील पूर्ण फुटले तर डिझेल इंजिन आपलेच ऑइल पिऊन सुसाट पळू लागते आणि चावी बंद करूनही थांबत नाही. अशा वेळी ब्रेक दाबून धरावा, वरचा गिअर टाकावा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडावे.

नवा टर्बो बसवताना ऑइल पुरवणारी नळी साफ करून किंवा बदलूनच घ्यावी, ऑइल व त्याचा फिल्टर ताजा असावा, आणि जुना टर्बो समोर मागून पाहावा. जुनी नळी तशीच ठेवली तर नवा टर्बोही ऑइलविना जाईल.

गाडी विकणाऱ्याने असा ऐब लपवू नये; कापडातला डाग दाखवूनच थान विकण्याचा जो दीनी नियम, तोच इथे. घेणाऱ्याने गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. बॉनेट आधीच गरम लागले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे.