खिडकीपलीकडे फाईल कुणी वाचत नाही

मुलाला अमेरिकेतल्या विद्यापीठाचे प्रवेशपत्र आले की घरात आधी एक जाडजूड फाईल तयार होते. प्लॅस्टिकच्या कप्प्यांत बारावीची गुणपत्रिका, इंजिनीअरिंगच्या आठही सेमिस्टरच्या मार्कशीट, सीएने करून दिलेला मालमत्तेचा दाखला, गावाकडच्या जमिनीचा सातबारा, आजोबांच्या नावची मुदत ठेव. वडील रोज रात्री ती एकदा उघडून बघतात. मुलाखतीच्या दिवशी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीपर्यंत छातीशी धरून आणतात आणि फाटकाशी मुलाच्या हाती देतात, कारण पुढे त्यांना प्रवेश नसतो. मुलगा बाहेर येतो तो हेच सांगत, ‘फाईल मागितलीच नाही.’

बहुतेकांच्या बाबतीत असेच घडते. काचेपलीकडच्या अधिकाऱ्यासमोर स्क्रीनवर तुमचा अर्ज उघडलेला असतो आणि त्याच्याकडे तुमच्यासाठी जेमतेम दोन-तीन मिनिटे असतात. तेवढ्यात तो तीन-चार प्रश्न विचारतो, उत्तरे ऐकता ऐकता टाइप करतो आणि निर्णय देतो. कागदपत्रे जवळ हवीतच, मागितली तर दाखवावीही लागतात. पण निर्णय ठरतो तो मुलगा स्वतःच्या शिक्षणाबद्दल काय आणि कसे बोलतो यावर. पालकांची सगळी धावपळ मात्र फाईलसाठी चाललेली असते.

यामागचा कायदा समजून घेतला तर बरीच भीती कमी होते. अमेरिकेच्या १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यात २१४-बी नावाचे कलम आहे. विद्यार्थी व्हिसा मागणारा प्रत्येक जण तिथे कायमचा राहायलाच निघाला आहे असे हे कलम गृहीत धरते, आणि तसे नाही हे पटवून देण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकते. अधिकाऱ्याचा संशय तुमच्या मुलावर वैयक्तिक नसतो, कायद्यानेच त्याला तिथून सुरुवात करायला सांगितलेले असते.

आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वैद्यकी शिकायला निघाल्या तेव्हा असली भानगड नव्हती. कोलकात्याहून बोटीने त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. व्हिसा कुणी मागितला नाही, कारण तेव्हा तो लागतच नव्हता. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. शिकून आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करीन असा करार त्यांनी केला होता. म्हणजे परत येण्याची हमी द्यावी लागली ती बडोद्याला. १९२४ च्या कायद्यात विद्यार्थ्यांसाठी वेगळी तरतूद आली आणि सरकारने मान्य केलेल्या संस्थेतच प्रवेश हवा ही अटही. ती अट आजही आहे. सध्याच्या कडक नोंदणीचे मूळ मात्र ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात आहे. अपहरणकर्त्यांपैकी एक जण विद्यार्थी व्हिसावर आला होता. त्यावर कडी म्हणजे मार्च २००२ मध्ये, हल्ल्याला बरोबर सहा महिने झाल्यावर, दोघा मृत अपहरणकर्त्यांच्या विद्यार्थी परवानगीची पत्रे फ्लोरिडातल्या त्यांच्या फ्लाइंग स्कूलमध्ये येऊन पडली. त्या नाचक्कीनंतर २००३ पासून ‘सेव्हिस’ ही संगणकीय नोंदवही सक्तीची झाली. तुमचे मूल कोणत्या विद्यापीठात आहे, किती विषय घेतले आहेत, कुठे राहते, हे सगळे तिथे नोंदले जाते.

आता क्रम. विद्यापीठ प्रवेश देते आणि पैशांची सोय पाहून आय-२० हा फॉर्म पाठवते. त्यावरच्या क्रमांकाने सेव्हिसची ३५० डॉलर फी भरायची. मग डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज, व्हिसाची १८५ डॉलर फी आणि त्यानंतर दोन तारखा: एक बोटांचे ठसे आणि फोटोसाठी, दुसरी वकिलातीतल्या मुलाखतीसाठी. अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३६५ दिवस आधीपासून व्हिसा मिळू शकतो. अमेरिकेत पाऊल मात्र ३० दिवसांपेक्षा आधी ठेवता येत नाही. ऑगस्टच्या प्रवेशासाठी मे-जूनमध्ये सगळेच धावतात आणि मग ‘स्लॉट नाही’ म्हणून हाय खातात. स्लॉट मिळवून देतो म्हणणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका. मार्च २०२५ मध्ये बॉटने घेतलेल्या सुमारे २,००० तारखा अमेरिकी दूतावासाने भारतात रद्द केल्या आणि ती खातीही गोठवली.

या सगळ्यात एक खास मराठी अडचण आहे, ती म्हणजे नावाची. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे आणि पुढे आईचे. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, आणि दिलेल्या नावाच्या रकान्यात मुलीचे नाव व वडिलांचे नाव एकत्र. विद्यापीठाच्या अर्जात मुलगी वडिलांचे नाव ‘मधले नाव’ म्हणून भरते किंवा गाळून टाकते. आय-२० तसाच येतो, डीएस-१६० पासपोर्टप्रमाणे भरला जातो, आणि दोन कागदांवर दोन मुली तयार होतात. आय-२० हाती आला की पासपोर्ट शेजारी उघडून एकेक अक्षर ताडून पाहा. चूक असेल तर विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला साधा ईमेल केला की सुधारित प्रत मिळते. हे काम मुलाखतीच्या आदल्या रात्रीचे नव्हे.

डीएस-१६० मुलाने स्वतः भरावा. कन्सल्टंटच्या ऑफिसातल्या कुणीतरी भरायचा आणि मुलाने शेवटी फक्त बटण दाबायचे, हा प्रकार सर्रास चालतो. तो धोक्याचा आहे, कारण त्यातल्या प्रत्येक उत्तरावर सही मुलाची असते. पूर्वी कधी व्हिसा नाकारला गेला होता का? जवळचे नातेवाईक अमेरिकेत आहेत का? तुमच्यासाठी कुणी कधी इमिग्रेशनचा अर्ज केला आहे का? न्यू जर्सीत मामा असलेल्या घरात शेवटचा प्रश्न नीट बसून बोलण्याचा आहे. मामाने बहिणीसाठी, म्हणजे मुलाच्या आईसाठी, वीस वर्षांपूर्वी अर्ज टाकलेला असतो आणि मुलाच्या कानावर त्यातले काहीच नसते. अमेरिकी सरकारच्या नोंदीत तो अर्ज असतो. नातेवाईक असल्याने व्हिसा आपोआप नाकारला जात नाही. लपवल्याने मात्र प्रकरण चिघळते.

सोशल मीडियाचेही तसेच. गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या खात्यांची नावे अर्जात द्यावी लागतात, आणि जून २०२५ पासून विद्यार्थी अर्जदारांना ती खाती सार्वजनिक ठेवायला सांगितले जाते. अर्जाच्या तोंडावर घाईघाईने खाती पुसून टाकू नका. जुने खाते आठवत नसेल तर शोधा, आणि आहे ते लिहा.

मुलाखतीत विचारतात काय? हेच विद्यापीठ का, हाच विषय का, खर्च कोण करणार, नंतर काय करणार. क्लासवाले यांची उत्तरे पाठ करून घेतात. ‘उत्तम प्रयोगशाळा, नामवंत प्राध्यापक आणि संशोधनाभिमुख अभ्यासक्रम’ हे वाक्य त्या खिडकीने एका सकाळी किती जणांच्या तोंडून ऐकले असेल! समजा, सांगलीची एक मुलगी सिव्हिल इंजिनीअर आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी तिने गल्लीत चढताना पाहिले आहे. पुराचा अंदाज कसा बांधतात हे शिकायला ती जलस्रोत अभियांत्रिकीला चालली आहे आणि निवडलेल्या विभागात त्यावर नेमके कोणते दोन कोर्स आहेत हे तिला ठाऊक आहे. हे ती मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलली तरी समोरच्याला कळते की ही मुलगी शिकायला चालली आहे. हे मुलाखतीचे तंत्र नव्हे. वर्षभर आधी, अभ्यासक्रम निवडतानाच झालेला हा विचार असतो. ज्या मुलाने ‘सगळे मित्र डेटा सायन्सला चाललेत’ म्हणून अर्ज टाकला आहे, त्याला शेवटच्या आठवड्यात कितीही मॉक इंटरव्ह्यू द्यायला लावले तरी दुसऱ्याच प्रश्नाला तो अडखळतो.

पैशांबद्दल पालकांचा गैरसमज असा की जितकी मालमत्ता दाखवू तितके चांगले. वकिलात बघते ती पहिल्या वर्षाच्या खर्चाची हाताशी असलेली रक्कम आणि पुढच्या वर्षांची पटण्याजोगी सोय. बँकेचे कर्जमंजुरीचे पत्र, ठेवी, बचत हे कामाचे. सातबाऱ्यावरून फी भरता येत नाही. वडिलांचे उत्पन्न किती आणि कर्ज किती, हे मुलाला आकड्यानिशी माहीत हवे. आपल्या घरांत मुलांसमोर पगाराचा आकडा काढत नाहीत. या एका वर्षी तो संकोच बाजूला ठेवा. आणि चार दिवसांसाठी खात्यावर रक्कम ‘दाखवून देतो’ म्हणणारा भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. साधा नकार मिळालेला मुलगा पुन्हा अर्ज करू शकतो, पण खोटी कागदपत्रे किंवा खोटे विधान सिद्ध झाले तर त्या देशाचे दार कायमचे बंद होऊ शकते.

विद्यापीठ निवडतानाही डोळे उघडे ठेवावेत. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ट्राय-व्हॅली युनिव्हर्सिटीवर छापा पडला तेव्हा हजाराहून अधिक भारतीय विद्यार्थी अडकले आणि काहींच्या पायांत इलेक्ट्रॉनिक पट्टे बांधले गेले. मिशिगनमधली फार्मिंग्टन युनिव्हर्सिटी तर सरकारी यंत्रणेनेच लावलेला सापळा होता. जानेवारी २०१९ मध्ये तिथे नाव घातलेल्या शंभरावर भारतीयांना ताब्यात घेतले. ‘वर्गात यायची गरज नाही, पहिल्या दिवसापासून काम करा’ असे सांगणारी संस्था विद्यापीठ नसते.

व्हिसा हे फक्त दारापर्यंतचे पत्र. आत राहण्याचा हक्क टिकतो तो नियम पाळण्यावर: पूर्ण वेळ अभ्यासक्रम, पत्ता बदलला तर दहा दिवसांत कळवणे, सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास काम. ओळखीच्या हॉटेलात रोख पैशांवर भांडी घासणे बेकायदा आहे, हॉटेल मराठी माणसाचे असले तरी. पदवीनंतर बारा महिने कामाची परवानगी मिळू शकते, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शाखांना आणखी चोवीस.

त्यापुढचा एच-१बी व्हिसा हा सोडतीचा मामला. वर्षाला ६५,००० जागा, अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २०,०००. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी जाहीर झाली. अमेरिकेतच शिकून तिथेच व्हिसा बदलून घेणाऱ्यांना ती लागू नाही, असा खुलासा पुढच्या महिन्यात झाला. उद्या काय होईल ते वॉशिंग्टनलाच ठाऊक. माझे मत स्पष्ट आहे: तिथली नोकरी मिळेलच असे धरून राहता फ्लॅट गहाण टाकू नये. परत येऊन पुण्या-मुंबईतल्या पगारावर हप्ता झेपेल का, हे गणित आधी मांडा. झेपत नसेल तर स्वस्त राज्य विद्यापीठ बघा, नाहीतर दोन वर्षे इथे नोकरी करून मग जा.

नकार आलाच तर हातात एक छापील कागद पडतो. त्यावर २२१-जी असेल तर प्रकरण तपासणीसाठी थांबले आहे, तो अंतिम नकार नाही असे समजा. मागितलेले कागद द्या आणि वाट पाहा. २१४-बी असेल तर अपील नाही, पण पुन्हा अर्जाला बंदीही नाही. बारा महिन्यांच्या आत त्याच प्रकारच्या व्हिसासाठी पुन्हा अर्ज केल्यास सेव्हिसची फी परत भरावी लागत नाही. व्हिसाची १८५ डॉलर मात्र नव्याने. दुसऱ्याच आठवड्यात तीच उत्तरे घेऊन पुन्हा त्या रांगेत उभे राहू नका. कोणत्या प्रश्नाला काय उत्तर दिले ते मुलाने त्याच संध्याकाळी आठवेल तसे लिहून काढावे. बहुतेक वेळा गडबड कुठे झाली ते त्या कागदावरच दिसते. आणि पालकहो, त्या संध्याकाळी नातेवाइकांचे फोन तुम्ही घ्या. मुलाला विद्यापीठाला ईमेल लिहू द्या: प्रवेश पुढच्या सत्रावर ढकलण्याची सोय बऱ्याच विद्यापीठांत असते, फक्त ती मुदतीत मागावी लागते.