पेनड्राइव्हवर विषम सेकंद का दिसत नाहीत?

प्रश्न : मी शाळेत शिकवते. प्रश्नपत्रिका, गुणपत्रकं, सहलीचे फोटो सगळं लिनक्सच्या लॅपटॉपवर असतं आणि दर शनिवारी त्याचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेते. ‘बदललेल्या फाइलीच घे’ असं प्रोग्रामला सांगून ठेवलं आहे. तरीही कशालाच हात न लावता तो दर वेळी साधारण निम्म्या फाइली नव्याने उतरवतो. आणखी एक गोष्ट लक्षात आली. पेनड्राइव्हवरच्या फाइलींच्या वेळेत सेकंद नेहमी सम असतात : 14, 38, 52. विषम आकडा एकदाही दिसला नाही. पेनड्राइव्ह बिघडला आहे का?

उत्तर : पेनड्राइव्ह धडधाकट आहे. आणि ‘निम्म्या फाइली’ व ‘सम सेकंद’ या दोन गोष्टी तुम्ही एकाच पत्रात लिहिल्यात हे फार बरं झालं, कारण दोन्हींचं मूळ एकच आहे.

बहुतेक पेनड्राइव्हवर फाइली मांडून ठेवण्याची पद्धत असते फॅट. ती डॉसच्या काळापासून चालत आली आहे. फाइल शेवटची कधी बदलली, ती वेळ लिहायला या पद्धतीत फक्त 16 बिट आहेत. तासांसाठी 5 बिट लागतात, मिनिटांसाठी 6. उरले 5. पाच बिटांत 32 वेगवेगळे आकडे मावतात आणि मिनिटात सेकंद तर 60. मग तोड अशी काढली, की सेकंदाला दोनाने भागून 0 ते 29 यांपैकी एक आकडा लिहायचा आणि वाचताना त्याची दुप्पट करायची. त्यामुळे विषम सेकंदाला फॅटमध्ये जागाच नाही. 10 वाजून 15 मिनिटं 37 सेकंदांनी जतन केलेली फाइल पेनड्राइव्हवर गेली की तिची वेळ 36 सेकंद होते.

आता तुमच्या लॅपटॉपकडे या. लिनक्समध्ये सर्रास वापरली जाणारी एक्स्ट-4 ही पद्धत सेकंदाच्या अपूर्णांकासाठी वेगळे 30 बिट राखते. तेवढ्यात एक अब्जाहून जास्त आकडे मावतात, म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग, नॅनोसेकंद, लिहिता येतो. विंडोजची एनटीएफएस 100 नॅनोसेकंदांच्या टप्प्यांत मोजते. मॅकच्या जुन्या एचएफएस-प्लसमध्ये पूर्ण सेकंदच होता. 2017मध्ये आलेल्या एपीएफएसने तिथेही नॅनोसेकंद आणला.

तुमचा प्रोग्राम दोन्हीकडची वेळ ताडून पाहतो, बहुधा पूर्ण सेकंदापर्यंत. लॅपटॉपवर सम सेकंदाला जतन झालेली फाइल जुळते. विषम सेकंदाची कधीच जुळत नाही, म्हणून ती दर शनिवारी ‘बदललेली’ ठरते. सम-विषम सारखेच येतात, म्हणून निम्म्या फाइली. प्रोग्राम अपूर्णांकही ताडून पाहत असता, तर जवळपास सगळ्याच उतरल्या असत्या.

सोनाराच्या काट्यावर तोललेली अंगठी भाजीच्या तराजूत टाकली आणि आकडा जुळला नाही, तर सोनं बदललं असं आपण म्हणत नाही. दोन मापांची तुलना करायची तर जाड मापाला जेवढं कळतं तेवढ्यापुरतीच करायची. फाइलींच्या वेळांनाही हाच नियम लागू आहे, आणि चांगली साधनं तो पाळतात. जीएनयूच्या सीपी आज्ञेत वेळ जपून फक्त नव्या फाइली नेण्याची सोय आहे. तीत मूळ फाइलची वेळ आधी समोरच्या डिस्कला झेपेल एवढी छाटली जाते आणि मगच ताडली जाते. आरसिंक वापरत असाल तर ‘मॉडिफाय-विंडो’ हा पर्याय 1 करा. मग एका सेकंदाचा फरक तो फरक धरत नाही. विंडोजच्या रोबोकॉपीत याच कामासाठी ‘एफएफटी’ हा पर्याय आहे. तो दोन सेकंदांपर्यंतची सूट देतो.

वेळ छाटायची की जवळच्या आकड्यावर न्यायची, हाही प्रश्न बारीक वाटला तरी महत्त्वाचा आहे. छाटली तर प्रत मूळ फाइलपेक्षा किंचित जुनी दिसते. फार तर ती पुन्हा एकदा उतरेल. वर ढकलली तर प्रत मूळ फाइलपेक्षा नवी दिसते आणि त्या एक-दोन सेकंदांत मूळ फाइलमध्ये झालेली दुरुस्ती ‘जुनी’ समजून वगळली जाऊ शकते. जास्तीचं काम परवडतं. राहून गेलेलं काम परवडत नाही.

प्रश्न : लिनक्सवर फाइलच्या वेळेत दशांश चिन्हापुढे नऊ अंक दिसतात. म्हणजे वेळ खरोखर अब्जांश सेकंदापर्यंत अचूक असते का?

उत्तर : नाही. नऊ अंक लिहायला जागा आहे, एवढाच त्याचा अर्थ. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, फाइलवर वेळ घालताना खूप वर्षं आपल्या अंतर्गत घड्याळाच्या शेवटच्या टोल्याची वेळ वापरत आला. हे टोले सेकंदाला 250 असतील तर दोन टोल्यांत 4 मिलिसेकंदांचं अंतर पडतं. आजच्या यंत्राला तेवढा अवकाश पुष्कळ आहे. त्यात एक फाइल लिहून, वाचून, पुन्हा बदलून होते आणि नऊच्या नऊ अंक तेच राहतात.

प्रत्येक वेळी बारीक घड्याळ पाहायचं तर काम मंदावतं. जानेवारी 2025मध्ये आलेल्या कर्नलच्या 6.13 आवृत्तीत यावर सुरेख मार्ग काढला आहे. फाइलची वेळ मधल्या काळात कोणी विचारली असेल, तरच पुढच्या बदलाला बारीक वेळ द्यायची. कोणी विचारलीच नसेल तर जाडी वेळ पुरते, कारण फसणारं कोणी नाही.

फाइल बदलूनही वेळ तीच राहण्याचा हा धोका फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटने दुसऱ्या बाजूने हाताळला आहे. फाइल बदलली का, हे गिट आधी वेळ आणि आकार पाहून ठरवतो. पण फाइलची वेळ त्याच्या स्वतःच्या नोंदवहीच्या वेळेइतकीच किंवा तिच्यापुढची असेल, तर तो वेळेवर विसंबत नाही. फाइल उघडून आतला मजकूर तपासतो. संशय नेमका कुठे घ्यायचा हे ठरलेलं असल्यामुळे त्याला वेगही मिळतो आणि खात्रीही.

प्रश्न : पायथनमध्ये एका फाइलची वेळ वाचून तीच दुसऱ्या फाइलला दिली. दोन्ही डिस्क एक्स्ट-4च्या आहेत. तरी शेवटचे अंक वेगळे येतात. चूक कुठे आहे?

उत्तर : तुम्ही वेळ दशांश संख्या म्हणून वाचलीत, तिथे. 1 जानेवारी 1970पासून आजवर पावणेदोन अब्जांच्या आसपास सेकंद झाले. तेवढी पूर्ण संख्या लिहायलाच 31 बिट खर्च होतात. संगणकाच्या नेहमीच्या दशांश संख्येत अचूकतेसाठी एकूण 53 बिट असतात, म्हणजे अपूर्णांकाच्या वाट्याला 22 उरतात. त्यांत सुमारे 238 नॅनोसेकंदांपेक्षा बारीक फरक मावत नाही. शेवटचे अंक तिथेच गळतात.

2012मध्ये आलेल्या पायथन 3.3पासून ही वेळ नॅनोसेकंदांतली पूर्ण संख्या म्हणून वाचता येते आणि तशीच फाइलला देताही येते. वेळ वाचणं, साठवणं, परत लिहिणं या तिन्ही पायऱ्यांवर पूर्ण संख्याच ठेवा. एका पायरीवर दशांश आला तरी गळालेलं पुढच्या पायरीला परत मिळत नाही. दोन डिस्कच्या मध्ये झिप आली तरी हेच होतं. झिपच्या मूळ नोंदीत वेळ डॉसच्याच साच्यात, दोन सेकंदांच्या टप्प्यांनी असते. अपूर्णांक जपायचा असेल तर टारचा पॅक्स प्रकार निवडा. तो वेळ दशांशासह लिहितो.

शेवटी पहिल्या प्रश्नातल्या शिक्षिकेसाठी एक सुचवणं. दर शनिवारी वेळ पाहूनच काम करा, एका सेकंदाची सूट देऊन. पण सत्र संपलं आणि गुणपत्रकं कायमची ठेवून द्यायची झाली, की त्या एका दिवशी आरसिंकला ‘चेकसम’ हा पर्याय द्या. मग तो घड्याळाकडे न बघता दोन्हीकडचा मजकूर वाचून ताडतो. वेळ लागेल, चहा पिऊन होईल. पण मुलांचे गुण पेनड्राइव्हवर जसेच्या तसे आहेत हे त्यानंतर तुम्हाला खात्रीने सांगता येईल.